फोटो जुळत नाही

माझा चेहरा एकूण चार ठिकाणी जमा आहे. मतदार ओळखपत्रावर मी नुकताच पकडलेला खिसेकापू दिसतो. आधार कार्डावर तोच खिसेकापू शिक्षा भोगून बाहेर आलेला दिसतो. ड्रायव्हिंग लायसन्सवर मी कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखा उभा आहे. आणि बँकेच्या ओळखपत्रावर, जे मी रोज गळ्यात घालून बसतो, मी चक्क हुशार दिसतो. चारांपैकी एकही फोटो माझ्यासारखा नाही, असं माझं म्हणणं. ‘बँकेचा सोडला तर बाकीचे तीन हुबेहूब आहेत,’ असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं. संसारातले बरेच वाद पुराव्याअभावी मिटतात; हा मिटत नाही, कारण पुरावा रोज माझ्याच गळ्यात लटकत असतो.

मी कॉमर्सचा पदवीधर. तत्त्वज्ञान हा विषय आम्हांला नव्हता, त्याच्या जागी बुक-कीपिंग होतं. पण वीस वर्षं काउंटरवर काढल्यावर माझ्या ध्यानात आलंय की दोन्ही विषयांत प्रश्न एकच असतो: जुळतंय का? संध्याकाळी हातातली रोकड मोजायची आणि नोंदींशी ताडून बघायची. जुळली तर घरी जायचं. नाही जुळली तर चहा मागवायचा आणि पुन्हा मोजायची. एवढ्या शिदोरीवर माझं आयुष्य सुखात चाललं होतं. पण मध्यंतरी एका वेगळ्याच ताळ्याने मला गाठलं. माणूस आणि त्याचा फोटो जुळला नाही, तर चूक कोणाची धरायची? माणसाची की फोटोची?

आता आमच्या नगरकरांना दिसण्याच्या आणि असण्याच्या फरकाचं कौतुक नसावं. (2024 साली गावाचं सरकारी नाव अहिल्यानगर झालं. पण माझ्या पिढीची जीभ अजून ‘नगर’वरच अडते; तिला थोडी मुदत द्यावी.) गावाबाहेर शहा डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली इमारत उभी आहे. सहली येतात, जोडपी येतात, सगळे तिच्यापुढे फोटो काढतात आणि अल्बममध्ये खाली लिहितात, ‘चांदबिबी महाल’. वास्तविक ती सलाबतखानाची कबर आहे. म्हणजे फोटो अस्सल, इमारत अस्सल, फोटोतलं जोडपंही बहुधा अस्सल. फक्त मजकूर चुकीचा. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपले पूर्वज सांगून गेले. पण त्यांच्या वेळी कॅमेरा नव्हता. कॅमेरा आल्यावर जग पुराव्यानिशी फसू लागलं.

माझा पहिला फोटो काढला गेला तो नगरच्या एका गल्लीतल्या स्टुडिओत, शाळेच्या फॉर्मसाठी. दाराशी आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि फळीवर पावडरचा डबा. मागे पडद्यावर रंगवलेला राजवाडा. त्या राजवाड्याच्या पायऱ्यांवर नगर शहरातल्या निम्म्या जनतेने कधी ना कधी उभं राहून घेतलेलं होतं. खुंटीला एक काळा कोट टांगलेला असे. तो सगळ्यांचा कोट. लहानांना मागून टाचण्या लावून आवळायचा, जाड्यांना पुढून हात आडवा धरायला सांगायचा. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून आतून ओरडायचे, ‘हलू नका! हसू नका!’ मी तेव्हापासून या दोन्ही आज्ञा पाळत आलो. बँकेत नोकरी लागली ती त्यामुळेच असावी.

या ‘हलू नका’ला इतिहास मोठा आहे. फ्रान्समध्ये नीप्स नावाच्या गृहस्थाने 1826-27 च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचं चित्र डांबराचा थर दिलेल्या पत्र्यावर उमटवलं. आज टिकून असलेला जगातला सर्वांत जुना कॅमेऱ्यातला फोटो तो हाच. त्याला उजेड किती वेळ दाखवावा लागला? आठ तास, असं पूर्वी सगळे सांगत. आता काही जाणकार, काही दिवसही लागले असतील, असं म्हणतात. त्यामुळे त्या चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन आहे. सूर्य सकाळी एकीकडे होता, संध्याकाळी दुसरीकडे. कॅमेऱ्याने दोन्ही जमेला धरलं. म्हणजे पहिल्याच फोटोने असं ऊन दाखवलं, जे कुणाच्याही डोळ्यांना एका वेळी कधी दिसलं नव्हतं.

पुढे दागेर आला. त्याने 1838 साली पॅरिसमधल्या एका भर वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला. रस्त्यावर गाड्या, घोडे, माणसं यांची झुंबड असणार. फोटोत रस्ता जवळजवळ रिकामा! कारण उजेड काही मिनिटं घ्यावा लागे आणि तेवढ्या वेळात जे हलले ते पुसले गेले. त्या सगळ्या गर्दीतून ठळक उमटला तो कोपऱ्यावर बुटांना पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो एका जागी उभा होता. फोटोच्या इतिहासात माणसाचा प्रवेश झाला तो असा. जे कामाच्या घाईत होते ते गेले. ज्याचा पाय दुसऱ्याच्या हातात होता तो राहिला. त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला दिसतो, पण अंधुक. हात हलत होता ना त्याचा!

हा रस्ता जरा लक्षात ठेवा, मला पुन्हा तिथे यायचंय.

1839 साली फ्रान्सच्या सरकारने हा शोध जगाला खुला केला आणि त्या बदल्यात दागेरला वर्षाला सहा हजार फ्रँक आणि नीप्सच्या मुलाला चार हजार फ्रँक पेन्शन बांधून दिली. बँकवाल्याला हा तपशील वाचून गहिवरून येतं. फोटोचा जन्म पेन्शनच्या कागदावर झालाय, आणि आज दोनशे वर्षांच्या आत पेन्शन फोटोवर अवलंबून आहे!

पण खरा आमच्या जातकुळीचा माणूस वेगळाच. त्याचं नाव बायार. हा फ्रान्सच्या अर्थखात्यातला कारकून. यानेही त्याच सुमारास कागदावर फोटो उमटवण्याची आपली स्वतःची रीत शोधली होती. पण वरच्या मंडळींनी त्याला ‘जरा थांबा’ म्हटलं. थांबला. कारकूनच तो! तोवर दागेरचा जयजयकार होऊन गेला. मग 1840 साली बायारने उघड्या अंगाने, डोळे मिटून, पाण्यात बुडून मेलेल्या माणसासारखं बसून स्वतःचा फोटो काढला आणि मागे लिहून ठेवलं की सरकारच्या उपेक्षेमुळे या बिचाऱ्याने जीव दिला. हा ‘मेलेला’ माणूस पुढे सत्तेचाळीस वर्षं जगला. फोटो जन्माला आल्याला वर्ष-दीड वर्ष झालं नाही तोच पहिली ठसठशीत थाप पडली, आणि ती एका कारकुनाने मारली. हल्ली कॉम्प्युटरला नुसतं सांगितलं तरी तो न घडलेल्या प्रसंगाचा फोटो हजर करतो, म्हणून लोक हळहळतात. त्यांना मी बायारचं नाव सांगतो. यंत्र नवीन आहे, थाप जुनीच आहे.

आपल्याकडे ही कला यायला वेळ लागला नाही. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्यातले एक जाणते फोटोग्राफर. पुढे दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाकडे वळण्यापूर्वी फोटोचा धंदा करून पाहिला, तर बडोद्यात अफवा उठली की कॅमेरा माणसाच्या अंगातलं बळ शोषून घेतो आणि माणूस मरतो. धंदा बसला. मी लहानपणी हे वाचून खूप हसलो होतो. मतदार ओळखपत्र हातात पडलं त्या दिवशी हसू थांबलं. काहीतरी शोषून घेतलेलं स्पष्ट दिसत होतं.

याच्या अगदी उलट गोष्ट आमच्याच जिल्ह्यातली आहे. साईचरित्रात ती येते. मुंबईचे बाळाबुवा सुतार 1917 साली पहिल्यांदा शिर्डीला आले. त्यांनी नमस्कार करताच साईबाबा म्हणाले की याला मी चार वर्षांपासून ओळखतो. बुवा चक्रावले. आपण तर आयुष्यात पहिल्यांदाच इथे आलो! मग आठवलं, चार वर्षांपूर्वी मुंबईत त्यांनी बाबांच्या फोटोपुढे डोकं ठेवलं होतं. यात चमत्कार किती ते ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार ठरवावं. मला त्यातली ओळखण्याची दिशा आवडते. फोटोवरून माणसाला ओळखणारे आम्ही पोत्याने आहोत. फोटोपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ओळखणारं कोणी विरळाच. 1918 साली बाबा गेले. 1954 साली शिर्डीत बसवलेली तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती फोटोच्या आधारे केलेली. आज घराघरांत, रिक्षारिक्षांत जे रूप दिसतं त्याच्या मुळाशी काही मोजके कृष्णधवल फोटो आहेत. कुणी रंग भरले, कुणी शाल बदलली, कुणी मागे तेजोवलय काढलं. मूळ फोटोशी हे जुळतं का, असं कुणी विचारत नाही. हात जोडायचे असले की माणूस ताळा बघत नाही.

हे मला आमच्या घरात कळलं.

माझे वडील एस.टी.त कंडक्टर. राज्यातली एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर धावली, आणि मला लहानपणी वाटायचं की तिची तिकिटं वडिलांनीच फाडली. (तेव्हा ते जन्मायचे होते.) ड्यूटीवर उभे, घरी उभे आणि लग्नकार्यात तर बसलेले कुणी पाहिलेच नाहीत. आमच्या काकांकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यामुळे प्रत्येक फोटो म्हणजे खर्चाचा विषय आणि त्यात कोण बसणार हा मानापमानाचा. सगळे सतरंजीवर दाटीवाटीने बसायचे, आत्या पदर नीट करायची, काका ‘हलू नका’ म्हणायचे आणि नेमके त्याच क्षणी वडील मठ्ठ्याची बादली घेऊन मागून निघायचे. आमच्या घरच्या पाच-सहा लग्नांच्या फोटोंत कडेला एक पांढुरकी रेघ आहे. हातात बादलीसारखं काहीतरी. ते वडील.

म्हणाल तर पॅरिसचा रस्ता. बसलेले उमटले, वाढणारा पुसला गेला.

2003 साली वडील गेले, तेव्हा भिंतीवर लावायला फोटो सापडेना. नोकरीच्या ओळखपत्रावर एक होता, त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर शिक्का. शेवटी एका ग्रुप फोटोतून त्यांचा बोराएवढा चेहरा कापून मी स्टुडिओत दिला. चार दिवसांनी मोठी फ्रेम आली. गालावरची जखमेची खूण गायब. केस काळेभोर. आणि अंगात काळा कोट, टाय! ज्या माणसाने जन्मभर खाकीशिवाय दुसरं धड कापड अंगाला लावलं नाही, तो भिंतीवर एखाद्या कंपनीचा डायरेक्टर होऊन बसला. आईने फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, ‘कोट शोभतोय हो यांना.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘पण हे आपले नाहीत.’

तरी ती फ्रेम आम्ही लावली. हार घातला. आज त्या गोष्टीला वीसहून अधिक वर्षं झाली. परीक्षेला जाताना मुलं त्या डायरेक्टरच्याच पाया पडतात, आणि मीही पडतो. त्या क्षणी ते माझे वडीलच असतात. फोटो जुळत नाही हे ठाऊक असून मी तो मान्य केलाय. शंभर टक्के बनावट दस्तऐवज, आणि मी त्याला हार घालतो.

आता दुसरी बाजू सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही, पण डेबिट लिहिल्याशिवाय क्रेडिट लिहिता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी पाथर्डी भागातल्या एका शाखेत होतो. हा तालुका ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. दिवाळी झाली की गावं रिकामी होतात, उन्हाळ्यात भरतात. एक दिवस काउंटरवर एक म्हातारी आली. पैसे काढायचे होते. अंगठ्याच्या यंत्रावर तिने अंगठा ठेवला. यंत्राने नाही म्हटलं. पुसून ठेवला. नाही. दुसरा ठेवला. नाही. कोयत्याने आणि उसाच्या पाचटाने रेषा झिजून गेलेल्या. मग मी फोटो काढून बघितला. पासबुकावरची बाई चाळिशी-पंचेचाळिशीची वाटत होती. भरलेले गाल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. समोर गालांची खोबणी झालेली, दात नाहीत, कपाळ मोकळं. खातं उघडल्याला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत एवढा बदल?

मी म्हटलं, ‘आजी, हा फोटो काही तुमचा वाटत नाही.’

तिने काचेखालून हात घालून पासबुक घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. निरखून बघितलं. मग शांतपणे म्हणाली, ‘व्हय बाबा, मलाबी न्हाई वाटत.’

मागे रांग होती. मी नियम सांगितला: दोन नवे फोटो, एक अर्ज, आधारची झेरॉक्स. ती काही बोलली नाही. पासबुक पिशवीत घालून गेली. आमचे शिपाईमामा तिथेच उभे होते. दुपारी डबा खाताना म्हणाले, ‘साहेब, ती आमच्या शेजारच्या वाडीची. मालक गेला तिचा कारखान्यावर असताना. मी ओळखतो की तिला.’

मी म्हटलं, ‘मग मघाशीच का नाही सांगितलंत?’

मामा म्हणाले, ‘तुम्ही मला कुठं इचारलं? तुम्ही फोटोला इचारलं.’

आठ दिवसांनी ती नवे फोटो घेऊन आली. आठवड्याची मजुरी, एस.टी.चं भाडं आणि फोटोचे पैसे, सगळं धरा. आणि फोटो कसा, म्हणाल? स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर तिच्या सुरकुत्या पुसल्या होत्या, रंग उजळला होता, मागे निळं आभाळ घातलं होतं. जुना फोटो जेवढा जुळत नव्हता तेवढाच हाही जुळत नव्हता. मी तो चिकटवला, अर्ध्यावर शिक्का मारला आणि पैसे दिले. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. खरी बाई मी परत पाठवली होती आणि खोटा फोटो ठेवून घेतला होता.

माझ्या बाजूने बोलायचं तर फोटोचा नियम काही उगीच आलेला नाही. ज्याला सही येत नाही त्याच्या नावावर दुसऱ्यानेच अंगठा उठवून पैसे उचलल्याचे किस्से जुन्या लोकांकडून मी खूप ऐकलेत. फोटो आला तो अशा गरिबाच्याच रक्षणासाठी. उद्या मी भलत्याच बाईला पैसे दिले असते तर ही म्हातारी कुणाकडे गेली असती? तेव्हा फोटो नकोच, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारा माणूस बँकेत टिकत नाही आणि टिकूही नये.

पण संध्याकाळी रोकड मोजताना माझ्या बुक-कीपिंगनेच मला पकडलं. रोकड आणि नोंद जुळली नाही, तर आम्ही रोकड रस्त्यावर फेकून देत नाही. नोंद कधीची आहे, कुणी केली, मधली काय राहून गेली, हे तपासतो. माणूस ही रोकड आहे. फोटो ही एका दिवसाची, एका क्षणाची नोंद; तीही तो हलला नाही म्हणून मिळालेली. त्यानंतरची बारा वर्षं त्या नोंदीत कुठून येणार? नवऱ्याचं मरण, सहा महिन्यांच्या पाचटाच्या खोपी, डोक्यावरच्या मोळ्या, यांच्या एंट्र्या पासबुकात नसतात; त्या सगळ्या तोंडावर पडतात. त्या म्हातारीचा चेहरा हे अद्ययावत पासबुक होतं आणि मी जुनं पान बघून तिला परत पाठवलं. फोटो हा साक्षीदार. त्याची साक्ष काढावी, उलटतपासणी घ्यावी. मी त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः पट्टेवाला होऊन बाजूला उभा राहिलो. कारण त्यात सोय होती. ओळखायचं म्हटलं की माणसाच्या डोळ्यांत बघावं लागतं, चार शब्द विचारावे लागतात, चुकलो तर ती चूक आपली असते. फोटोची चूक कोणाचीच नसते.

घरी मात्र मी उलट वागतो. तिथे कोट-टायमधला परका माणूस समोर असतो आणि मी त्यातून वडील ओळखून काढतो. म्हणजे ओळखायची ताकद माझ्यात आहे. ती मी घरापुरती वापरतो आणि कामावर निघताना खुंटीला टांगून येतो, स्टुडिओतल्या कोटासारखी.

आता दर नोव्हेंबरात पेन्शनरांची रांग लागते. आपण जिवंत आहोत, असा दाखला द्यायचा असतो. 2014 पासून तो कॉम्प्युटरवर देता येतो आणि अलीकडे मोबाइलने चेहऱ्याचा फोटो काढूनही देता येतो. अंथरुणाला खिळलेल्यांची मोठी सोय झाली, हे खरंच. तिथेही सूचना असते ती तीच: स्थिर राहा. हलू नका. जिवंतपणा सिद्ध करायला न हलण्याची अट! पण मोबाइलने नाही म्हटलं की मी आता लगेच दोन फोटो मागत नाही. आधी विचारतो, ‘गाव कुठलं? इथे तुम्हांला कोण ओळखतं?’ बहुतेक वेळा रांगेतला कुणीतरी पुढे होतो. नियमात बसतं तेवढं करतो. नाही बसलं तर मॅनेजरसाहेबांच्या केबिनपर्यंत स्वतः चालत जातो. वीस पावलं आहेत. त्या दिवशीही वीसच होती.

ती म्हातारी पुढे दर महिन्याला यायची. माझ्या बदलीच्या आधी शेवटची आली, तेव्हा पैसे मोजून कनवटीला लावले आणि एकाएकी काचेला नाक लावून माझ्या गळ्यातलं ओळखपत्र न्याहाळू लागली. तोच तो माझा हुशार दिसणारा फोटो.

‘ह्यो तुझा फोटू हाय?’

‘हो आजी.’

‘तुझ्यावानी दिसत न्हाई.’

मी म्हटलं, ‘हो आजी, मलाही नाही वाटत.’

ती तोंडभर हसली. ‘असू दे. तूच हाईस. मी वळखते की तुला.’